जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी सारखी उतरते? बॅटरी बदलण्याआधी चार्जिंग मोजा

सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्' होतं. ट्रॅक्टर उतारावर लावायचा किंवा चार जणांनी धक्का मारायचा, दिवस ढकलायचा. मग नवी बॅटरी येते, दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तोच प्रकार. अशा वेळी दोष बहुतेकदा बॅटरीत नसतो. तिच्यापर्यंत करंट पुरेसा पोहोचत नाही किंवा रात्रीतून कुठेतरी वाहून जातो. दुकानात आधी बॅटरी, मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र), मग सेल्फ असा क्रम लावला जातो. शेवटी खरा दोष अर्थिंगच्या (बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या बॉडीला जाणाऱ्या तारेच्या) गंजलेल्या बोल्टात निघतो आणि तोवर आठ-दहा हजार गेलेले असतात.

यासाठी लागतं ते एक साधं मल्टिमीटर, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी), १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, पाने आणि बारीक पॉलिश पेपर. इंजिन चालू असताना मोजमाप करायचं असेल तर गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि उपरणं-मफलर बाजूला काढलेलं हवं, कारण पंखा आणि बेल्ट हाताजवळच फिरत असतात. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी सोडा आणि जोडताना शेवटी लावा. पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या जुन्या विलायती ट्रॅक्टरवर मात्र जी तार बॉडीला गेली आहे ती आधी सोडायची.

आधी बॅटरी खरंच चांगली आहे का, ते बघा

ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू द्या. सकाळी दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, म्हणजे वरवरचं चार्ज उतरतं. मग मीटर लावा. १२.६ किंवा जास्त दाखवलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. १०.५ वर अडकली असेल तर एक सेल मेलेला आहे. अशा बॅटरीला कितीही चार्जिंग द्या, उपयोग शून्य.

मीटरपेक्षा हायड्रोमीटर जास्त खरं बोलतं. भरलेल्या सेलचं ॲसिड १.२५० ते १.२८० दाखवतं. सहा सेलमध्ये सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी आकड्यात ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर बॅटरी गेली. सगळे सेल सारखेच खाली असतील, समजा १.१६० च्या आसपास, तर बॅटरी ठीक आहे, फक्त उपाशी आहे. नवी आणायच्या आधी हा फरक कळला पाहिजे.

उपाशी बॅटरी ट्रॅक्टरवरच भरून निघेल ही आशा सोडा. ती काढून चार्जरवर लावा. करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवा, म्हणजे ७५ एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला सात-आठ अँपिअर. दहा-बारा तास लागतात. पूर्ण उतरलेली बॅटरी सरळ अल्टरनेटरवर टाकली तर तो तासन्‌तास पूर्ण लोडवर तापतो, आणि नुकताच वाइंडिंग भरून आणलेला अल्टरनेटर असाच जळतो.

भरलेल्या बॅटरीवर डिझेल बंद ठेवून, स्टॉप नॉब ओढून दहा सेकंद सेल्फ मारा. व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं नाही तर बॅटरीचा विषय संपला. सेल्फ मारताना हेडलाइटवरही लक्ष ठेवा. प्रकाश एकदम बसला तर बॅटरी किंवा जोड कमजोर आहे. प्रकाश जराही हलला नाही आणि नुसता 'टक्' आवाज आला, किंवा तोही आला नाही, तर सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच), त्याची वायर किंवा स्विच बघा. चार्जिंगचा त्यात दोष नाही.

चार्जिंग होतंय की नाही

इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवा आणि मीटर बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर लावा, क्लॅम्पवर नको. अल्टरनेटर असेल तर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या आतबाहेर घोटाळत असेल तर चार्जिंग कमी. १२.५ वरच असेल किंवा उतरत असेल तर चार्जिंग नाहीच. १४.८ च्या वर जात असेल तर जास्त होतंय, आणि तेही तितकंच वाईट.

डॅशवरच्या अँपिअर मीटरबद्दल मोठा गैरसमज आहे. चालू केल्यावर काटा अधिककडे आठ-दहावर जातो आणि थोड्या वेळाने मध्यावर येऊन थांबतो. हे चार्जिंग बंद पडल्याचं लक्षण नाही. बॅटरी भरत आली की तसंच व्हायला हवं. काळजी कधी करायची? लाइट लावल्यावर, इंजिन चढवूनही काटा उणेकडेच राहिला तर. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावला की काटा उणेकडे गेला पाहिजे. तो अधिककडे जात असेल तर कोणीतरी मीटरच्या तारा उलट जोडल्या आहेत, आणि त्या मीटरवरून काढलेला प्रत्येक निष्कर्षही उलटा होता.

जोड आणि अर्थिंग: निम्म्या तक्रारी इथेच मिटतात

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत चालणाऱ्या ट्रॅक्टरचा एक वेगळा शत्रू आहे. ब्लोअरने (ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राने) बोर्डो मारताना मोरचूद आणि चुन्याचा बारीक फवारा मागून येतो आणि ट्रॅक्टरवरच बसतो. गंधकाचंही तसंच. हा थर दवाने ओला झाला की लोखंडी बोल्ट, अल्युमिनियमची बॉडी आणि वायरचे लग (टोकाच्या धातूच्या कड्या), सगळं खात सुटतो. बॅटरीच्या टर्मिनलवरची निळसर-पांढरी बुरशी तर दिसते. पण अर्थिंगची वायर चॅसिसला जिथे बसते तो बोल्ट मातीखाली लपलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचंही हेच होतं, फक्त मोरचुदाच्या जागी नुसता गंज.

गंज डोळ्याने शोधू नका, व्होल्टेजने शोधा. इंजिन १५०० आरपीएमवर आणि हेडलाइट चालू ठेवा. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर (जिथून बॅटरीकडे करंट जातो) आणि काळी पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर टेकवा. इथे ०.३ व्होल्टच्या आत आकडा हवा. ०.५ च्या पुढे गेला की त्या वाटेवर कुठेतरी करंट अडतोय. मग लाल पिन जागेवरच ठेवून काळी पिन एकेक जोड अलीकडे सरकवत या: बॅटरीचा क्लॅम्प, सेल्फचा मोठा बोल्ट, अँपिअर मीटरची एक बाजू, मग दुसरी. ज्या टप्प्यावर आकडा धप्पकन खाली येतो, तिथेच आजार. अँपिअर मीटरच्या मागचे दोन नट सैल झाले की तिथला प्लास्टिकचा भाग तपकिरी होतो, वायरचं कव्हर कडक होतं, हाताला गरम लागतं.

अर्थिंगसाठी एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. इथे ०.२ च्या वर काहीही खपवून घेऊ नका. सेल्फ मारतानाही हेच मोजा. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, म्हणून लाइटवर न दिसणारा खराब जोड तिथे उघडा पडतो.

एक हिशेब मनात ठेवा. अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर १३.१ असेल तर १.१ व्होल्ट रस्त्यात गेले. अल्टरनेटरच्या आत मोजणाऱ्या रेग्युलेटरला (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागाला) वाटतं काम झालं, आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते. अल्टरनेटर बदलून हे सुटत नाही. नवा आला तरी १.१ व्होल्ट तसेच जातात.

साफसफाई करताना अर्थिंगची जागा रंग निघून लोखंड चमकेपर्यंत घासा, स्टार वॉशर टाका, बोल्ट आवळा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन लावा. आधी लावून मग आवळू नका. टर्मिनलवरची बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पण बॅटरीची बुचं घट्ट हवीत, सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिड मारतो. वायरचा लग कव्हरच्या आत हिरवा-काळा पडला असेल तर घासण्यात वेळ घालवू नका, तेवढा तुकडा कापून नवा लग प्रेस करून घ्या. सेल्फची मोठी केबल ३५ ते ५० स्क्वेअर एमएमची हवी आणि अल्टरनेटरपासून बॅटरीकडची वायर किमान ६ स्क्वेअर एमएमची. घरगुती फिटिंगची उरलेली वायर इथे वापरलेली पुष्कळदा दिसते आणि तीच तापून जळते.

बेल्ट एका वाक्यात: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १२ ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे, आणि पुलीच्या खोबणीचा तळ चकचकीत असेल तर बेल्ट तळाला टेकून घसरतोय, आवळून भागणार नाही.

डायनामो असेल तर

लांबट, बंद नळकांडं, त्यावर एक मोठा आणि एक छोटा असे दोन टर्मिनल आणि वेगळी कटआऊटची डबी (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा कटआऊट आणि रेग्युलेटर हिच्यातच असतात) असेल तर तो डायनामो, म्हणजे अल्टरनेटरच्या जागी असलेलं जुनं चार्जिंग यंत्र. मोठा टर्मिनल डी, छोटा एफ. या दोन तारांची कधीही अदलाबदल करू नका, कटआऊटचे पॉइंट जळतात.

डायनामो चांगला की कटआऊट खराब, हे पाच मिनिटांत कळतं. दोन्ही तारा डायनामोवरून सोडा. डी आणि एफ एका छोट्या तारेने जोडा. मीटरची एक पिन त्या जोडावर, दुसरी डायनामोच्या बॉडीवर. इंजिन स्लोवर चालू करून हळूहळू चढवा. व्होल्टेज भराभर वर आलं पाहिजे. २० च्या पुढे जाऊ देऊ नका आणि इंजिन रेझ करून ठेवू नका. एवढं झालं तर डायनामो ठीक आहे, दोष तारांमध्ये किंवा कटआऊटमध्ये. काहीच येत नसेल तर आधी कार्बन (आतल्या फिरत्या भागावर घासणारे ब्रश) बघा. अर्धा-एक व्होल्टच येत असेल तर फिल्ड कॉइलवर (चुंबकत्व देणाऱ्या स्थिर गुंडाळीवर) संशय घ्या. चार-पाच व्होल्टवर अडकलं तर आर्मेचर (आत फिरणारी गुंडाळी).

फिल्ड कॉइल एफ टर्मिनल आणि बॉडी यांच्यात मोजल्यावर ६ ओहमच्या आसपास दाखवते. फारच कमी दाखवली तर कॉइल शॉर्ट आहे आणि कटआऊटचे पॉइंट पुन्हा पुन्हा जळण्याचं कारणही तेच. काहीच दाखवलं नाही तर तार तुटली.

कार्बन ८ मिलिमीटरच्या आसपास आले की बदला. होल्डरमध्ये ते मोकळे सरकायला हवेत. कधी कधी कार्बन लांब असतो, पण मातीने अडकून कम्युटेटरला (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांना) टेकतच नाही. कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसा, गरज पडली तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. एमरी कापड नको, त्याचे कण फटीत बसून तांब्याच्या पट्ट्या एकमेकींना जोडतात. पट्ट्यांमधला मायका तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर तो सुमारे ०.८ मिलिमीटर खोल कोरून घ्यावा लागतो, नाहीतर कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. मागच्या बाजूचा बुश घासला की आर्मेचर फिल्डच्या पोलवर घासतं. उघडल्यावर आर्मेचरच्या अंगावर चमकदार ओरखडे दिसले तर नुसते कार्बन बदलून बंद करू नका. त्या बुशाच्या भोकात अधूनमधून इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त घातलं तर ते कम्युटेटरवर जातं.

डायनामो बरेच महिने पडून होता, भरून आणला किंवा बॅटरी चुकून उलटी लागली, तर त्याची चुंबकी दिशा जाते. एफची तार सोडा, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या बाजूची एक वायर एफ टर्मिनलवर सेकंदभर टेकवा आणि काढा. छोटी ठिणगी पडेल, काम झालं. डायनामो भरून आणल्यावर 'चार्जच करत नाही' म्हणून परत नेण्याआधी हे करून बघा.

आता कटआऊटची डबी. आधी तिची अर्थिंग. तिच्या ई (अर्थ) टर्मिनलवरून एक वायर थेट बॅटरीच्या अर्थला जोडून बघा. ही अर्थिंग तुटली तर कटआऊट बसत नाही (त्याचे पॉइंट जुळत नाहीत), बॅटरीला काहीच मिळत नाही आणि डायनामोचं व्होल्टेज मात्र मोकाट सुटतं. पॉइंट काळे असतील तर बारीक पेपर ओढा आणि स्पिरिटने पुसा. कटआऊट १२.७ ते १३.३ व्होल्टला बसलं पाहिजे. रेग्युलेटर तपासताना ए आणि ए१ च्या तारा सोडून एकत्र बांधा, मीटर डी आणि अर्थ यांच्यात लावा. इंजिन चढवत गेल्यावर १६ च्या आसपास आकडा थबकायला हवा, वैशाखात त्याहून थोडा कमी. हे अर्ध्या मिनिटात उरका, कॉइल तापली की आकडा बदलतो. याला काट्याचं मीटर बरं, डिजिटलचे आकडे नाचत राहतात. आणि स्क्रू फिरवणं हा शेवटचा उपाय आहे. सगळं तपासायच्या आधी स्क्रू फिरवलेल्या डब्याच दुरुस्तीला जास्त त्रास देतात.

इंजिन बंद केल्यावर अँपिअर मीटरचा काटा उणेच्या टोकाला चिकटून राहिला तर कटआऊटचे पॉइंट जोडलेले राहिले आहेत. विचार करत बसू नका, बॅटरीची तार लगेच सोडा. नाहीतर बॅटरी डायनामोतून रिकामी होते आणि वायरिंग पेटते.

अल्टरनेटर असेल तर

इंजिन बंद असताना बी प्लसवर बॅटरीइतकंच व्होल्टेज हवं. शून्य असेल तर फ्यूज किंवा वायर तुटली, अल्टरनेटर उघडू नका.

चावी लावल्यावर चार्जिंगचा लाल दिवा पेटायलाच हवा. त्या दिव्यातून जाणारा करंटच अल्टरनेटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. दिवा पेटत नसेल तर डी प्लसची (या दिव्याकडून येणारी) तार अल्टरनेटरवरून काढा आणि तिचं टोक बॉडीला टेकवा. आता दिवा पेटला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष आत, म्हणजे कार्बन, स्लिप रिंग (कार्बन ज्यांच्यावर घासतात त्या कड्या) किंवा रेग्युलेटर. तरीही पेटला नाही तर बल्ब, फ्यूज आणि चावीचा स्विच बघा. या जागी २ ते ३ वॅटचाच साधा बल्ब लावा. डॅशला एलईडी बसवण्याच्या हौसेत हाही बदलला जातो. एलईडीतून करंट फारच कमी जातो आणि मग 'एकदा रेझ केल्याशिवाय चार्जिंग धरत नाही' ही तक्रार सुरू होते.

दिवा मंद जळत राहतो किंवा लाइट लावल्यावर टिमटिमतो, तेव्हा डायोडवर (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांवर) संशय घ्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीशी लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड प्लेट खराब. चावी बंद असूनही दिवा जळतो तेव्हाही तेच.

डायोड बहुतेक वेळा आपण स्वतः मारतो. चार्जिंग बघायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढणं ही सगळ्यात वाईट सवय. लोड अचानक तुटला की व्होल्टेज उसळतं आणि डायोड-रेग्युलेटर एका क्षणात जातात. दुसरं कारण वेल्डिंग. ट्रॉलीचा हुक किंवा ब्लोअरची फ्रेम ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच वेल्डिंग मारायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरच्या तारा सोडा, आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच लावा. तिसरं, ब्लोअर धुताना प्रेशरचं पाणी अल्टरनेटरच्या जाळीत मारणं.

सगळं ठीक निघालं आणि तरी बॅटरी उतरते

मग लोडचा हिशेब करा. कांदा घेऊन लासलगावला पहाटे रांगेत उभं राहिलं की दर दहा-पंधरा फुटांना ट्रॅक्टर बंद-चालू होतो. २५० अँपिअरने पाच सेकंद सेल्फ मारला तर एका वेळी सुमारे ०.३५ एएच जातात. तीस वेळा मारला तर दहा एएचच्या पुढे. त्यात दोन हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून आठ अँपिअर धरले तर दोन तासांच्या अंधारात १६ एएच. म्हणजे ७५ एएचच्या बॅटरीतला तिसरा हिस्सा रांगेतच संपला. स्लोवर डायनामोचं कटआऊट बसलेलंच नसतं, तेव्हा इंजिन चालू ठेवूनही भरपाई होत नाही. परत येताना ११ अँपिअरच्या डायनामोतले आठ लाइट खातात, बॅटरीला तीन उरतात. यात बिघाड काहीच नाही, गणितच बसत नाही.

म्हणून तक्रार कोणत्या हंगामात येते ते बघा. ब्लोअरच्या दिवसांत इंजिन तासन्‌तास चढ्या आरपीएमवर असतं, त्यात कमजोर चार्जिंगही झाकून जातं. फळछाटणीनंतरच्या फवारण्या संपल्या, कामं छोटी झाली आणि थंडी पडली की ते उघडं पडतं. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि सेल्फला जास्त करंट लागतो. उपाय साधे आहेत. रात्रीच्या फवारणीला लावलेले ५५ वॅटचे दोन हॅलोजन नऊ अँपिअर खातात, त्यांच्या जागी २० वॅटचे एलईडी लावा. जास्तीचे दिवे थेट बॅटरीवरून फ्यूज आणि रिले टाकून घ्या, डॅशच्या स्विचवर लादू नका. एवढ्याने भागत नसेल तर डायनामो काढून अल्टरनेटर बसवता येतो. त्यात कटआऊटची डबी वाटेतून निघते, अर्थ निगेटिव्हच लागते, पुली एका रेषेत आणावी लागते आणि ३० अँपिअरचा जुना मीटर चार्जिंगच्या वाटेतून काढावा लागतो.

ट्रॅक्टर नुसता उभा राहून बॅटरी उतरत असेल तर गळती शोधा. सगळं बंद करून निगेटिव्ह तार सोडा, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर तार आणि खांब यांच्या मध्ये लावा. अशा जोडणीत सेल्फ मारू नका, मीटर जळतं. जुन्या ट्रॅक्टरवर हा आकडा जवळपास शून्यच हवा. ०.१ अँपिअर किरकोळ वाटतो, पण दिवसाला २.४ एएच जातात आणि पंधरवड्यात ७५ एएचची बॅटरी अर्ध्यावर येते. आकडा दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची बी प्लस तार सोडा. आकडा पडला तर डायोड. नाहीतर ट्रॉलीच्या सॉकेटकडे जा. ओली माती आणि कांद्याचा पाला त्यात अडकून बसलेला असतो, आणि चेसिसच्या कोपऱ्यावर घासून त्याच्या वायरचं कव्हर गेलेलं असतं.

व्होल्टेज १४.८ च्या वर जाणाऱ्या ट्रॅक्टरचं लक्षण उलटं असतं: डिस्टिल वॉटर दर आठवड्याला मागतो, बल्ब वारंवार उडतात, बॅटरीवर ॲसिडचा ओलावा राहतो. अर्थिंग आणि बॅटरीचे सेल ठीक असतील तर रेग्युलेटर बदला.

खरड छाटणीनंतर किंवा पावसाळ्यात ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर निगेटिव्ह तार सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर लावा. तारेत कटऑफ स्विच बसवला तर सोय होते. फक्त तो सेल्फचा करंट झेलणारा घ्या, आणि घरात जो कोणी ट्रॅक्टर चालवतो त्याला सांगून ठेवा की इंजिन चालू असताना त्याला हात लावायचा नाही.